मारुतीनं काहीच फेडलं नाही

पाटील, हवालदारसाहेब, हौसाबाई, आणि शाळेच्या या आवारात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला बसूनच बोलू द्या. गुडघे साथ देत नाहीत, आणि आवाज किती वेळ देईल ठाऊक नाही. साऱ्या जन्मात पोरांपुढं बोलताना माझा शब्द कधी अडला नाही. आज अडतोय. ज्याला मी अक्षर ओळखायला शिकवलं, त्याच्या माघारी बोलायची वेळ माझ्यावर आली. हे उलटं झालं. हे असं व्हायचं नव्हतं.

तासगावाकडून आलेल्या पाहुण्यांना मी माहीत नसेन. मी रूथबाई. गावाबाहेर जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथल्या मिशनच्या शाळेची मास्तरीण. शमुवेल माझा मुलगा, एकुलता एक. लढाईत इटलीच्या डोंगरात पडला. आणि ज्याच्यासाठी आपण आज जमलो तो मारुती, हौसाबाईंचा मुलगा, त्या वेळी त्याच्या बरोबर होता. मारुती परवा मिशनच्या दवाखान्यात तापानं गेला. एवढं कळलं म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आत्ता पाटील बोलले. मायेनं बोलले. म्हणाले, "मारुतीच्या हातून लढाईत एक चूक झाली, पण पोरानं त्या आईची अशी सेवा केली, की सगळं पाप फेडून मोकळा झाला." तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाटील, राग मानू नका. ती आई मी आहे. म्हणून हे मलाच सांगितलं पाहिजे. मारुतीनं काहीच फेडलं नाही.

थांबा. कुजबुजू नका. हौसाबाई, तुम्ही पदर तोंडाला लावू नका. मला पुरतं बोलू द्या.

मारुती आणि शमुवेल माझ्याच शाळेत शिकले. एका पाटीवर दोघं गिरवायचे, कारण मारुतीची पाटी नेहमी फुटलेली. दुपारी शाळा सुटली की शमुवेल पुढच्या दारानं घरात यायचा आणि मारुती मागच्या दारानं. चुलीपुढं बसून भाकरी खायचा आणि तोंड पुसून निघायचा. हौसाबाई, आता सांगते, तुम्ही शिक्षा करायला तो काही उरला नाही. तुमचं पोर माझ्या घरचं खूप खाऊन गेलंय. तुम्हाला वाटायचं, पोराला भूक कशी लागत नाही!

हसा. हसलात तर त्याला बरं वाटेल.

मोठे झाले. लढाई सुरू झाली. आपल्या भागातली पोरं भरती होत होती, हे दोघंही गेले. खेचरांच्या तुकडीत एकत्र पडले. डोंगरावरच्या पलटणीला दारूगोळा आणि शिधा पोचवायचं काम. शमुवेलला मुक्या जनावरांची माया होती, खेचरानं लाथ मारली तरी त्याच्याशी बोलायचा. पुढं एके दिवशी तार आली. तारेचं मी काही सांगत नाही. ज्या घरांत तार आली ती घरं इथं बसली आहेत.

लढाई संपली आणि मारुती परत आला. सांगलीला उतरून चालत आला आणि आपल्या घरी जायच्या आधी माझ्या दारात उभा राहिला. पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. मी म्हटलं, "आत ये बाळा." तो आला नाही. तिथंच उंबऱ्याबाहेर उभ्यानं बोलला.

"बाई, शमू पडला तवा मी संगं हुतो. गोळं पडत हुतं. त्येच्या मांडीला लागलं. त्यो जिता हुता, बाई. माझं नाव घेऊन हाका मारत हुता. म्या मागं बघितलं, अन् पळालो. गोळं थांबल्यावर मानसं घिऊन परत ग्येलो, तवर..."

पुढचं मला ऐकवलं नाही. मी आत गेले, दार लोटलं. तो अंधार पडेपर्यंत बाहेर बसून होता. मला दाराच्या फटीतून दिसत होता.

मंडळी, त्याला हे सांगायची गरज नव्हती. कुणाला कळलं असतं? तिथला डोंगर काही बोलायला येणार नव्हता. पण तो आला आणि स्वतःच्या तोंडानं बोलला.

माझं म्हणाल, तर मी त्या दिवसांत दात आवळून प्रार्थना करत होते. देवाला म्हणत होते, याला क्षमा करायला मला सांगू नकोस. दुसरं काहीही सांग. तरी तो तेच सांगत राहिला. शेवटी एका रविवारी उपासना झाल्यावर मी तडक मारुतीच्या रानात गेले. तो ज्वारी काढत होता. मी म्हटलं, "मारुती, मी तुला क्षमा केली. मनापासून केली." त्यानं माझ्याकडं न बघता "व्हय बाई" म्हटलं आणि विळा चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाण्याची घागर.

आता तुम्हाला आठवेल. गावच्या विहिरीचं पाणी आमच्या वस्तीत मारुतीच्या खांद्यावरून आलं. त्याच्यावरून चावडीत काय गोंधळ झाला तो सांगत बसत नाही, गोंधळ घालणारे आज इथं रडत बसलेत. मारुतीनं कुणाचं ऐकलं नाही. रोज पाणी. मग जळण. मग माझं छप्पर शाकारलं. मग शाळेचं. माझ्या परसातली बाभळ तोडली, कुंपण घातलं. स्वतःचं रान तणानं भरलं तरी इकडं त्याचं काम सुटलं नाही. मी म्हणायची, "बस रे, भाकरी खा." तो म्हणायचा, "नगं बाई." पाण्याचा घोटही घेत नसे. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, पाटलाच्या भावकीतला तो, आपल्यात कसा खाईल? ज्यानं लहानपणी मागच्या दारानं येऊन खाल्लं, तो जातीमुळं खात नाही हे मला पटत नव्हतं.

लोक त्याला समजवायचे. हवालदारसाहेब, तुम्ही लढाई बघितलेले, तुम्हीच त्याला पारावर सांगितलंत, की तोफेपुढं भलेभले पळतात, त्यात तुझं काही चुकलं नाही. आठवतं? तुम्ही मायेनंच बोललात. पण तो उठून गेला होता. कारण त्याला ठाऊक होतं, की चुकलं.

मग एक दिवस हौसाबाई आल्या. हौसाबाई, सांगू ना? सांगते. सगळ्यांनी ऐकायला पाहिजे.

भर दुपारी आल्या. आमच्या वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या घराच्या सावलीतही आल्या नाहीत, उन्हात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आवं बाई, तुमचं पोर तिकडं ग्येलं. माझं हितं असून ग्येलं. लगीन नगं म्हनतंय. ताटावरनं अर्धं उठतंय. झोपत न्हाई, बोलत न्हाई. तुमी त्येला सांगा की वो, किती पानी आनलं म्हंजी पुरं व्हईल. तुमी सांगशीला तेवढं आनंल. पर कुठंतरी थांबवा त्येला."

आणि त्या रडल्या. मीही रडले. दोन आया, एक उन्हात, एक सावलीत. मग मीच उन्हात गेले.

तेव्हा मला उमगलं. मी क्षमा केली होती, पण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी दिली ती रानातच पडून राहिली, त्यानं उचललीच नाही. तो रोज खांद्यावर घागर घेऊन ती क्षमा विकत घ्यायला येत होता.

दुसऱ्या सकाळी तो आला तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "मारुती, ती घागर परत ने. उद्यापासून माझ्या दारात पाणी आणायचं नाही. जळण नाही, छप्पर नाही, काही नाही."

त्यानं घागर खाली टेकवली. "म्हंजी तुमी मला माफ क्येलं न्हाई."

"माफ केलंय म्हणूनच सांगते."

"मग मी काय करू, बाई?"

"काही करू नकोस. आत ये. बस. जेव."

तो म्हणाला, "ते जमत न्हाई बाई. काम सांगा. डोंगर फोडायला सांगा, फोडतो. पर तुमच्या म्होरं बसून फुकट भाकरी खायला सांगू नका. म्या त्येला टाकून पळालो."

मी म्हटलं, "हो. तू पळालास. ते खरं आहे. त्याला मी दुसरं नाव देणार नाही. आणि तुला क्षमा आहे, हेही खरं आहे. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही. तू साऱ्या येरळेचं पाणी माझ्या घरात आणून ओतलंस, तरी शमुवेलला तहान लागली असेल त्या वेळची ती तहान भागत नाही. तुझ्याच्यानं फिटणार नाही, मारुती. तुझ्याच्यानं फिटणार नाही म्हणूनच तुला ते सोडून दिलंय."

कडक बोलले. पण त्याला सगळे मऊच बोलत होते आणि त्या मऊपणात तो बुडत होता.

तो घागर उचलून गेला. बरेच दिवस फिरकला नाही. हौसाबाईंनी मला निरोप धाडला, की दिवसभर येरळेच्या काठी बसतो. मला भीती वाटायला लागली. वाटलं, मी पोराला तोडलं की काय. मी देवाला म्हटलं, मी तुझंच बोलले, आता तू सांभाळ.

आणि एका दुपारी मागचं दार वाजलं. मी उघडलं तर मारुती. हात रिकामे. मान खाली.

म्हणाला, "बाई, काय बी आनलं न्हाई. भूक लागलीया."

मंडळी, माझ्या घरात त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि डाळीची आमटी होती. तो चुलीपुढं बसला, आणि जेवला. खाताना रडत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, भाकरी थापत राहिले. थांबले असते तर मलाही आवरलं नसतं. पुष्कळ खाल्लं त्यानं. मग हात धुतला आणि विचारलं, "बाई, हे तुमी कुठनं आनलं? हे मानसाच्या अंगचं न्हाई."

मी म्हटलं, "बरोबर आहे. माझ्या अंगचं नाही. तार आली त्या दिवशी माझ्याजवळ कुणाला द्यायला काही उरलं नव्हतं. मलाच ते आधी मिळालंय. देवाचाही एक मुलगा होता, मारुती. त्याचेही सोबती त्याला एकट्याला टाकून पळाले. पळालेल्यांसाठीच तो वधस्तंभावर मेला. आणि मग मेलेल्यांतून उठला, तेव्हा त्या पळालेल्यांनाच आधी भेटायला गेला. त्यांच्याकडं मागितलं काही नाही. नुसतं म्हणाला, भिऊ नका."

त्यानं ओला हात धोतराला पुसला. मग म्हणाला, "पळालेल्यास्नीच?"

"पळालेल्यांनाच."

त्या दिवशी त्याला कळलं. मी शाळामास्तरीण आहे, पोराला कळलं की मला कळतं. डोळे निराळे होतात.

आमच्या उपासनेत एक बोल आहे, नीतिमान ठरणं. मी पोरांना नेहमी सांगते, नीतिमान होणं वेगळं आणि ठरणं वेगळं. माणूस आपला आपण ठरत नाही. पोरीचं लग्न ठरतं, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं, तिनं मग हो म्हणायचं असतं. देव तसं माणसाला आपल्या शब्दानं नीतिमान ठरवतो. पोरगं अजून धुळीनं माखलेलं असतं, आणि तो म्हणतो, हा माझा. आपण फक्त विश्वास ठेवायचा, की त्यानं म्हटलं ते खरं. सगळ्यात सोपं तेच, आणि सगळ्यात अवघडही तेच. मारुतीला तोफांपेक्षा ते अवघड गेलं.

पाटील, तुमच्या मनातलं मला दिसतंय. मग चांगलं वागायचंच कशाला, असंच ना? विचारा की. मारुतीनंही विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यानंच नंतर जगून दाखवलं.

पाणी तो पुन्हा आणायला लागला. तीच विहीर, तीच घागर. पण आता कधी विसरायचा. कधी आणता आणता पारावर गप्पा मारत बसायचा आणि मी वाट बघायची. आला की म्हणायचा, "बाई, आमटीत मीठ लय झालंय आज." मी म्हणायची, "मग जा आपल्या आईकडं." हसायचा. आधी माझ्या दारात शिक्षा भोगणारा माणूस येत होता. आता पोरगा येत होता. रानातलं तण काढलं. आईजवळ बसून पोटभर जेवायला लागला. हौसाबाई, तुम्ही सोयरीक बघायला लागला होतात, त्यानं या खेपेला नको म्हटलं नव्हतं. रविवारी उपासनेला यायचा, दाराशी बसायचा. आमची गाणी त्याला येत नव्हती, तरी मोठ्यानं चुकीची म्हणायचा.

पारावर एकदा कुणीतरी त्याला "पळपुटा" म्हटलं. पूर्वी त्यानं मान खाली घातली असती, नाहीतर मारलं असतं. या खेपेला म्हणाला, "व्हय गड्या, पळालो हुतो. चल, तंबाकू काढ." त्यालाच शेजारी बसवून घेतलं त्यानं. असं बोलायला माणूस आतून किती मोकळा झालेला असावा लागतो!

एवढंच. सांगायला पराक्रम काही नाही. त्यानं कुणाला पुरातून काढलं नाही, आगीतून वाचवलं नाही. त्याला संधीच मिळाली नाही. ताप आला, उतरेना, बैलगाडीत घालून आपण त्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. मी एका बाजूला, हौसाबाई दुसऱ्या बाजूला. ज्यानं आम्हा दोघींना पाणी भरलं, त्याला आम्ही चमच्यानं पाणी पाजत होतो. त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी शुद्धीवर होता. म्हणाला, "बाई, शमू भेटंल का?"

मी म्हटलं, "भेटेल."

"त्येनं इचारलं, का पळालास, तर?"

"तर सांग, भ्यालो. पळालो."

"अन् मग?"

"मग तो म्हणेल, ठाऊक आहे मला. ये."

तो थोडा हसला. डोळे मिटले. मग हळू म्हणाला, "म्या समदं येशूवर टाकलं हाय, बाई. माझ्यापाशी दाखवायला काय बी न्हाई." मी बाप्तिस्म्यासाठी पाळकांना, आमच्या धर्मगुरूंना, बोलावणं धाडलं होतं. ते वाटेत असतानाच मारुती गेला. बाप्तिस्मा राहिला. भावकीनं आपल्या रीतीनं येरळेकाठी अग्नी दिला, मी आडवी आले नाही, दूर उभी राहून प्रार्थना केली. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले काही जण हळूच विचारतात, बाई, मग तो आपला की त्यांचा? मी त्यांना सांगते, त्याचे शेवटचे शब्द मी ऐकलेत. मला चिंता नाही.

पण काल हौसाबाईंनी मला विचारलं, आणि त्यासाठीच मी आज बोलायला तयार झाले. चुलीपुढं नुसत्याच बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती. म्हणाल्या, "बाई, पुरलं असंल का वो, त्येनं क्येलेलं?"

हौसाबाई, काल मला बोलता आलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते. नाही पुरलं. कुणाचंच पुरत नाही. माझी सगळी शाळा, माझ्या सगळ्या प्रार्थना देवापुढं मांडल्या तरी पुरणार नाहीत. या आवारात बसलेल्या कुणाचंच पुरणार नाही. ते पुरायला लागलं असतं तर तुमचा मुलगा आजही घागरी वाहत असता, आणि मेल्यावरही त्याला विसावा मिळाला नसता. पण त्याच्याकडं ते मागितलंच नव्हतं, हौसाबाई. ज्यानं पुरं करायचं त्या येशूनं ते केव्हाच पुरं केलंय. तुमचा मारुती फेडून मोकळा झाला नाही. त्याला मोकळं केलं गेलं. तुम्ही आज चूल पेटवा. मी तुमच्याकडं जेवायला येणार आहे.

आता आपण सगळे थोडा वेळ गप्प राहू या. ज्यानं त्यानं आपापल्या रीतीनं. एकच विनंती आहे. या गप्प राहण्यात कुणी देवापुढं मारुतीची वकिली करू नका. त्यानं हे केलं, ते केलं, असं मनातसुद्धा म्हणू नका. त्याच्या बाजूनं बोलणारा तिथं उभा आहे. त्याला बोलू द्या.

सलाम, मारुती. सलाम, बाळा.